चिंतामणी म्हणजे नेमका कुठला?

पार्लरमधले किस्से म्हणजे फरशीवरचे केस. संध्याकाळी कितीही झाडून घ्या, सकाळी खुर्चीच्या पायाशी पुन्हा थोडे जमलेले असतातच. आणि एकदा गोळा झाले की कुठला कुणाच्या डोक्यावरचा, हे काही सांगता येत नाही. म्हणून मी सगळे एकत्रच सांगते.

पण मला पहिला झटका कुठे बसला, ते आधी.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत आमचं पार्लर आहे. शैला मॅडम मालकीण. त्यांचा आवाज असा, की आत ड्रायर चालू असताना त्यांनी हाक मारली तर समोरच्या दुकानातला माणूस 'ओ' देतो. रुक्साना थ्रेडिंग आणि केसांची उस्ताद. आणि मी. बीएस्सी, फिजिक्स. बँकेच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत म्हणून आले आणि राहिले. मॅडम मला नावाने हाक मारत नाहीत. 'ए बीएस्सी!' म्हणतात. मी दर वेळी दचकते.

तर मॅडम पुण्याला मेकअपचा कसलासा कोर्स करून आल्या आणि म्हणाल्या, "आता हितनं पुढं अंदाजपंचे काम न्हाय. कलर थिअरी! चक्राप्रमाणं चालायचं." आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. रंगचक्राची झेरॉक्स.

काळी-पांढरी!

बारा खण. बाराच्या बारा करडे.

"मॅडम, यात रंग...?"

"झेरॉक्सवाल्याचं कलरचं मशीन बंद हाय. तू शिकलेली हाईस न्हवं? मग मनानं भर की!"

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेष्टा नव्हती.

*

शेवटी रुक्साना आणि मी ते चक्र भरायला बसलो. लाल खणात लिपस्टिक घासली, निळ्यात आयशॅडो, पिवळ्यात गणपतीच्या फोटोपुढची हळद. नावं इंग्रजीत होती, ती रुक्सानाला पटेनात. "रेड व्हायोलेट म्हंजे काय? साडीत सांग."

मग आम्ही साडीत सांगितलं. डाळिंबी, अबोली, लिंबू, पोपटी, मोरपंखी, वांगी, गुलबक्षी... चक्र कसं गरगर फिरायला लागलं. आणि निळ्यापाशी येऊन अडलं.

"हितं चिंतामणी," रुक्सानाने निळ्या-जांभळ्याच्या मधल्या खणावर बोट ठेवलं.

"तिथं कुठं? चिंतामणी हिकडं!" मॅडमनी निळ्या-हिरव्याच्या मधे बोट ठेवलं. "माझ्या लग्नातली साडी हाय!"

"माझ्या अम्मीची बी हाय!"

मी घरी फोन केला. आई म्हणाली, "चिंतामणी म्हणजे काय, निळाच की. जरा वेगळा."

समोर टेलरकाकांचं दुकान आहे. मी रस्ता ओलांडून त्यांना विचारलं. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा वर केला. "चिंतामणी व्हय? त्याला दोरा जुळत न्हाय."

म्हणून ते दोन्ही खण रिकामे ठेवले. तेवढ्यात रुक्साना म्हणाली, "आणि आनंदी कुठं घालायचा?"

"आनंदी? असा रंग असतो?"

"हिला कुठनं म्हाईत असणार आनंदी!" मॅडम म्हणाल्या. "कायम तोंड हे असं!"

खुर्च्यांवरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण आनंदी हा खरंच रंग आहे की तो नुसता टोमणा होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि परत विचारायचं धाडस झालं नाही.

*

चक्राचा मुख्य कायदा असा: समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की एकमेकांना खुलवतात, आणि एकमेकांवर फासले की मारतात. हे मला वाचून पाठ होतं. खुलवायचं कधी आणि मारायचं कधी, इथे माझा गोंधळ व्हायचा.

एक वहिनी आल्या. भावाचा साखरपुडा, आणि गालांवर लालसर डाग. लालाच्या समोर हिरवा! मी डागांवर हिरवं करेक्टर लावलं. वरून फाउंडेशन बसलं की हिरवंही दिसत नाही आणि लालही. पण ते वरून बसेपर्यंत माणूस हिरवा असतो, एवढं सांगायचं राहिलं. "डोळे मिटून ठेवा हं," एवढंच सांगितलं होतं. त्यांच्या पर्समधला फोन वाजला आणि त्यांनी डोळे उघडले.

किंकाळी त्यांनी मारली, स्पंज माझ्या हातातून उडाला. वहिनी गळ्यातल्या कापडासकट थेट रस्त्यावर! तिथे त्यांचे मिस्टर मोटरसायकलवर बसून वाट बघत होते.

"अवो, बघा की! हिनं माझं तोंड सारवलं!"

मिस्टरांनी हेल्मेटची काच वर केली. शांतपणे निरखून बघितलं.

"सारवलंच हाय तर रांगोळी बी काढून घे. परत परत कोण येणार?"

*

मध्यंतरी मॅडमनी पिवळे दिवे लावून घेतले. 'मूड येतोय' म्हणून. मूड आला, रंग गेले.

कॉलेजच्या गॅदरिंगला निघालेल्या एका मुलीला मी छान पीच रंगाचा मेकअप केला. आरशात पीच. ती दारात गेली, तोंडावर ऊन पडलं, आणि गाजर! मी घाबरून तिला आत बोलावलं. पीच. बाहेर पाठवलं. गाजर. आत, बाहेर, आत, बाहेर. उजेड बदलला की रंग बदलतो हे मी कॉलेजात तीन वर्षं शिकले, पेपरात लिहिलं, मार्कही मिळवले. पण पेपरात ती मुलगी रडत नव्हती ना!

हे सगळं टेलरकाका समोरून बघत होते. "आत बरी होतीस की गं," ते म्हणाले, "भाईर कशाला आलीस?"

तेव्हापासून रुक्सानाने नियमच केला. मेकअप झाला की गिऱ्हाईक दारात उभं करायचं, उन्हात. काका मान हलवतात, मग सोडायचं. बायका आधी लाजायच्या, आता स्वतःच विचारतात, "काका, जमलंय न्हवं?"

परवा एकीला बघून काकांनी तोंडातली टाचणी काढली आणि मला हाक मारली, "बीएस्सी, डावा गाल जरा उसवून परत घे!"

*

मला दचकायची सवय आहे, हे एव्हाना कळलं असेलच. मिक्सर, फटाके, कुकरची शिट्टी, मागून आलेलं माणूस, काहीही चालतं. त्यामुळे आयलायनर माझ्याकडे कुणी सहसा देत नाही.

एकदा द्यावं लागलं. मॅडम बाहेर, रुक्सानाच्या हातात कुणाच्या तरी भुवया. मी श्वास रोखून पापणीवर रेघ काढत होते, शेवटच्या टोकाला आले होते, आणि गल्लीतून वरात निघाली. हलगीचा पहिला ठोका पडला, आणि रेघ पापणीवरून थेट कानशिलाकडे!

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं बघितलं. "वा! कॅट आय!" त्या ठासून म्हणाल्या. "लेटेस्ट हाय. दुसरा डोळा बी तसाच काढ."

तसाच कसा काढणार? तीनदा पुसलं. रेघ काही जमत नाही. मग मॅडम हळूच माझ्या मागे आल्या आणि कानाशी ओरडल्या, "ए बीएस्सी!"

रेघ अशी आली म्हणून सांगू! दोन्ही डोळे तंतोतंत!

पुढच्या आठवड्यात त्या बाईंची नणंद आली. "मला कॅट आय न्हाय पाहिजे," ती म्हणाली, "वहिनीला दचकून काढलेलं, तसलं पाहिजे."

आता रुक्साना स्टीलचं ताट घेऊन माझ्या मागे उभी राहते. कधी टाकणार, ते मला सांगत नाही.

*

वारणानगरहून एका लग्नाची ऑर्डर आली. नवरी वैशाली, पुण्यात नोकरीला. दिवसा फोन उचलू शकत नव्हती, म्हणून तिची आई म्हणाली, "मला इचारा की. ती माझ्यावरच गेल्या."

आता मेकअप ठरवायच्या आधी त्वचेचा आतला सूर बघतात. मनगटावरच्या शिरा हिरवट दिसल्या तर उबदार रंग, निळसर दिसल्या तर थंड. मी फोन स्पीकरवर टाकला. रेंज येत होती, जात होती.

"काकू, शिरा कसल्या दिसतात? हिरव्या की निळ्या?"

"काय गं? शिरा व्हय? केशरी!"

मी दचकले. "केशरी? नक्की?"

"नक्की म्हंजे? आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या केशरीच."

मी रुक्सानाकडे बघितलं. फिजिक्स सोडा, बायोलॉजीतही हे कुठे वाचलेलं नव्हतं. "काकू, म्हणजे... उजेडात बघितल्या ना?"

"उजेडात काय, अंधारात काय! बेदाणे घालायचं, आणि वरनं आजऱ्याचं काजू."

"...काजू?"

मग काकूंनी जरा काळजीच्या आवाजात विचारलं, "तुमच्यात शिरा हिरवा करत्यात व्हय गं? काय घालता?"

रुक्साना फरशीवर बसली होती. तिला उठवायला दोघी लागल्या.

*

वैशाली ट्रायलला आली ती मात्र हसत आली नाही.

तिचा रंग सावळा. चांगल्या गुळाच्या खड्यासारखा, आतून उजळलेला. साखरपुड्यात दुसऱ्या कुठल्याशा पार्लरने तिला पांढरीफटक केली होती. तो अल्बम घरी आला तेव्हा तिच्या अप्पांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं होतं, "ही कोण पोरगी?"

"सगळे हसले," वैशाली म्हणाली. "मी पण हसले. पण ताई, त्या दिवशी स्टेजजवळ अप्पा मला शोधत होते. मी समोर उभी होते, आणि ते माझ्या बाजूनं पुढं गेले."

रुक्सानाने हातातला कंगवा खाली ठेवला.

"बाकी काय पण करा. फक्त लग्नात अप्पांनी मला ओळखलं पाहिजे."

मी 'हो' म्हणाले. एवढ्या पटकन मी आयुष्यात कशालाच हो म्हणालेले नाही. मॅडमसुद्धा वळून बघायला लागल्या.

तिचा रंग तसाच ठेवायचा, फक्त डोळे शालूवरून ठरवायचे, असं मी सांगितलं. शालूच्या समोरचा रंग पापणीवर, म्हणजे डोळे खुलतील. "शालू कुठल्या रंगाचा?"

"मी कुठं बघितलाय? बस्त्याला सुट्टी मिळाली नाही. सासूबाईंनी निवडला, त्यांच्याकडंच आहे. वऱ्हाडाबरोबर आणणार." तिने आठवून सांगितलं, "चिंतामणी म्हणाल्या."

मॅडमनी रुक्सानाकडे बघितलं. रुक्सानाने मॅडमकडे. मग दोघींनी भिंतीवरच्या चक्रातल्या रिकाम्या खणांकडे.

"बाई गं," मॅडम पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या.

सासूबाईंकडून फोटो मागवले. तीन आले. दुकानातला निळा, घरातला जांभळा, गच्चीवरचा हिरवट.

"तीन शालू घेतले?" मी विचारलं.

एकच होता! धूपछाव विणीचा, हलवला की रंग पालटणारा. आता निळ्यासमोर केशरी-तांबूस, जांभळ्यासमोर सोनेरी, हिरव्यासमोर मरून. तीन रंग, तीन वेगळ्या वैशाली. "लग्नादिवशी शालू हातात घेऊनच ठरवायचं," मॅडमनी निकाल दिला.

आणि लग्नादिवशीच त्यांना आजऱ्याची दुसरी नवरी निघाली! एकच मुहूर्त.

"मी आजऱ्याला जातो, तू वारणेला जा."

"एकटी?"

"रुक्साना हाय की संगट. ताट तेवढं घरी ठेवा."

*

हॉलमधल्या खोलीत वैशालीच्या चार मावस-चुलत बहिणी नटून बसल्या होत्या. चौघीही एकाच पार्लरमधून आलेल्या, चौघींचा रंग एक, चौघींचे गाल एक. मी वैशालीचा बेस केला, खिडकीजवळ, उन्हात. टेलरकाका नव्हते, म्हणून रुक्सानाने तोंडात पिना धरून मान हलवली. केस झाले. डोळे तसेच कोरे. टॉवेलवर तीन डबे उघडे: तांबूस, सोनेरी, मरून.

वऱ्हाड आलेलं नव्हतं. सकाळीच निघालंय, वाटेत आहे, पोचतंय, असं सगळे सांगत होते. कुठे पोचलंय, कुणालाच माहीत नव्हतं.

मी सासूबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मॅडमना लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा सासूबाई. वाजतोय, वाजतोय, बंद.

"चिंतामणी म्हंजे जांभळाच," रुक्साना म्हणाली. "सोनेरी लाव आणि मोकळी हो."

"मॅडम हिरवट म्हणतात."

"मॅडम आजऱ्यात हायत!"

मी आईला फोन केला. आई लगेच उचलते, पण सांगते काय? "निळाच गं. जरा वेगळा."

बाहेरून भटजींनी नवरीची चौकशी केली. मी तांबूसमध्ये ब्रश बुडवला. पुसला. सोनेरीत बुडवला. पुसला.

तेवढ्यात दारात अप्पा आले. डोक्याला फेटा, हातात चहाचा थर्मास, अंगावर नवा कडक शर्ट, त्यामुळे मान वळवायची तर सगळं अंगच वळवत होते. खोलीत पाच पोरी. चौघी दाराकडे तोंड करून, वैशाली आरशाकडे. ती हललीच नाही. आरशातून बघत राहिली. रुक्सानाचा कंगवा हवेत थांबला.

अप्पांनी त्या चौघींवरून नजर फिरवली. त्यांच्यातल्या एकीला म्हणाले, "सरक जरा बाळ, कोण गं तू?" आणि थेट आरशापाशी आले.

"वैशे, सकाळपास्नं खाल्लंस का काय?"

एवढंच! थर्मास तिच्या हाताशी ठेवला, आणि सगळं अंग वळवून निघून गेले.

वैशालीचे डोळे भरले. "रडू नका! बेस!" मी किंचाळले. माझेही भरले होते. रुक्साना दोघींना टिश्यू देत होती आणि स्वतःचं नाक ओढत होती.

मग वैशालीने माझं मनगट धरलं.

"ताई, हे असंच राहू दे वाटतंय. पण सासूबाई म्हणतील, डोळे कोरे कसे. लावा. फक्त चुकीचं काय लागलं, तर मांडवात अप्पा परत..."

पुढचं तिने सांगितलं नाही. बाहेर कुणीतरी ओरडलं, "वऱ्हाड आलं का?" आणि कुणीतरी उत्तर दिलं, "फाट्यावर हाय!"

मी फोन उचलला. सासूबाई. वाजतोय. टॉवेलवर तीन डबे. वाजतोय. रुक्साना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतेय. वाजतोय. आता बंद होणार, हे मला त्या वाजण्यावरूनच कळायला लागलं होतं, आणि...

"हॅलोऽऽ!"

मी इतकी दचकले की ब्रश खाली पडला. मागे हलगी, गाणी, गाडीचा हॉर्न. "कोण बोलतंय? जोरात बोला पावणं!"

"काकू, मी! पार्लरमधली! शालू! चिंतामणी म्हणजे नेमका कुठला? निळा की जांभळा की हिरवा?"

"चिंतामणी?" पलीकडून मोठ्ठं हसू आलं. "अगं बाई, तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय? पोरीच्या रंगाला उठून दिसंना म्हणून परवा आम्ही परत गेलतो की दुकानात! चिंतामणी दिला माघारी!"

"मग आता? आता कुठला आहे?"

"आता आनंदी हाय!"